नागपूरच्या थंडीत जोडीने हाफ मॅरेथॉन : पहिल्या बोलण्यापासून शर्यतीनंतरच्या आठवड्यापर्यंत

नागपुरात लांब अंतर धावण्यासाठी वर्षातले जेमतेम चार महिने मनासारखे मिळतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पावसाळ्यातल्या दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नाही आणि ऑक्टोबरचे ऊनही सकाळी आठलाच चटके देऊ लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील पहाटा मात्र धावणाऱ्यांच्या हक्काच्या असतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान बहुधा १० ते १४ अंशांच्या दरम्यान राहते. २९ डिसेंबर २०१८ रोजी ते ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, पण तशी थंडी अपवादानेच पडते. धावताना स्नायूंमध्ये तयार होणारी उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीराला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते. हवा थंड असेल तर हे काम हलके होते आणि तेवढ्याच हृदयगतीत अधिक वेग मिळतो. त्यामुळे पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरचे अंतर, हिवाळ्यातच धावावे असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

ती मित्रासोबत किंवा मैत्रिणीसोबत धावायची असेल तर तयारीचे स्वरूप बदलते. दोघांनी आपापला वेगळा सराव करून शर्यतीच्या दिवशी आरंभरेषेवर भेटण्यापेक्षा, पहिल्या आठवड्यापासून जोडीचा म्हणून एकच आराखडा आखलेला बरा. हा लेख त्या आराखड्याविषयी आहे.

आधी काय ठरवावे

नोंदणीचे शुल्क भरण्यापूर्वी दोघांनी निवांत बसून काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. शेवटपर्यंत सोबत धावायचे आहे, की ठरावीक अंतरानंतर ज्याला जमेल त्याने पुढे जायचे आहे? माझे मत असे की, दोघांपैकी एकाची जरी ही पहिलीच हाफ मॅरेथॉन असेल तर अंतिम रेषेपर्यंत सोबत राहावे. दोघांनीही हे अंतर पूर्वी पूर्ण केले असेल, तर १६ किलोमीटरपर्यंत सोबत राहून उरलेले पाच किलोमीटर प्रत्येकाला मोकळे सोडायला हरकत नाही. मात्र हा निर्णय घरी, शांत डोक्याने झालेला असावा, कारण सोळाव्या किलोमीटरला दमलेल्या अवस्थेत विचारलेल्या "मी जाऊ का पुढे?" या प्रश्नाला कोणीही मनातले खरे उत्तर देत नाही.

वेग कोणाचा ठेवायचा, याचे उत्तर एकच आहे : ज्याचा वेग कमी, त्याचा. वेगाने धावणाऱ्याला हे मनापासून मान्य नसेल तर दोघांनी सराव एकत्र करावा आणि शर्यत स्वतंत्रपणे धावावी. त्यात मैत्रीला काहीही बाधा येत नाही. वेगाचा अंदाज घेण्यासाठी दोघांनी सपाट रस्त्यावर १० किलोमीटर मन लावून धावून पाहावे आणि लागलेल्या वेळेला २.२ ने गुणावे. १० किलोमीटरला ५८ मिनिटे लागत असतील तर हाफ मॅरेथॉन साधारण २ तास ८ मिनिटांत होते, आणि ६८ मिनिटे लागत असतील तर अडीच तासांत. अशा जोडीने अडीच तासांचेच उद्दिष्ट ठेवावे. पहिल्यांदा धावणाऱ्याचा लांब पल्ल्याचा सराव कमी असतो, म्हणून या हिशेबात आणखी पाच-सात मिनिटे मोकळी ठेवली तर उत्तमच.

तिसरी गोष्ट थोडी अप्रिय असली तरी टाळू नये. शर्यतीच्या मध्यात एकाचा पाय दुखावला तर दुसऱ्याने थांबायचे की पुढे जायचे? माझ्या मते, जखमी सोबत्याजवळ स्वयंसेवक किंवा वैद्यकीय पथक पोहोचेपर्यंत दुसऱ्याने जागचे हलू नये. तो सुरक्षित हातांत गेल्यावर मात्र त्याने "तू जा" म्हटले तर जावे.

डॉक्टरांची भेट

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल अशांनी सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून, ते सांगतील त्याप्रमाणे ईसीजी व इतर तपासण्या करून घ्याव्यात. विदर्भात याखेरीज आणखी एका तपासणीचा विचार करणे मला फार आवश्यक वाटते, ती म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आपल्या भागातील अनेक समाजांमध्ये सिकलसेलचे वाहक आढळतात. वाहक व्यक्ती, म्हणजे ज्यांचा अहवाल 'एएस' येतो त्या, बहुधा पूर्णपणे निरोगी आयुष्य जगतात आणि धावूही शकतात. परंतु सराव नसताना एकदम तीव्र श्रम केले, शरीरात पाणी कमी पडले किंवा उष्मा जास्त असला, तर त्यांच्या स्नायूंना गंभीर इजा होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. वाहक असल्याचे माहीत असेल तर ते डॉक्टरांना आणि सोबत धावणाऱ्यालाही सांगावे, वेग हळूहळू वाढवावा आणि शेवटच्या टप्प्यात जीव तोडून पळण्याचा मोह टाळावा. अहवाल 'एसएस' असेल, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय हा उपक्रम हाती घेऊ नये.

बारा आठवड्यांचा सराव

शर्यत जानेवारीच्या मध्यावर असेल तर ऑक्टोबरच्या अखेरीस सराव सुरू व्हायला हवा. न थांबता पाच किलोमीटर धावता येत असतील, मग ते कितीही सावकाश असोत, तर बारा आठवडे पुरतात. तेवढे जमत नसेल तर त्याआधीचे दीड-दोन महिने धावणे आणि चालणे यांची सांगड घालून पायाभरणी करावी.

आठवड्यातून तीन दिवस धावणे नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्यांना झेपते. मंगळवारी पाच-सहा किलोमीटर अगदी सहज गतीने, गुरुवारी थोडा वेगाचा किंवा चढाचा सराव, आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, अशी वाटणी ठेवावी. मधल्या दोन दिवशी घरीच वीस मिनिटे बैठका, पायरीवर उभे राहून टाचा उचलणे आणि प्लँक (कोपरे व पायांची बोटे टेकून शरीर सरळ तोलून धरणे) करावे. गुडघ्याच्या व नडगीच्या बऱ्याच तक्रारी पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू कमजोर असल्यामुळे उद्भवतात. रविवारचे अंतर पहिल्या चार आठवड्यांत ७, ८, १० आणि पुन्हा ८ किलोमीटर, पुढच्या चार आठवड्यांत ११, १३, १४ आणि १०, त्यानंतर १६, १८ आणि १२, आणि बाराव्या रविवारी प्रत्यक्ष शर्यत, असे ठेवता येईल. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केले आहे. हाडे, स्नायुबंध आणि कंडरा यांना नव्या भाराची सवय होण्यास हृदय-फुप्फुसांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि दम वाढल्याच्या आनंदात ही विश्रांती वगळणारेच पुढे डिसेंबरमध्ये लंगडताना दिसतात. सरावात पूर्ण २१ किलोमीटर धावण्याची गरज नाही; १८ किलोमीटर नीट पार पडले तर उरलेले तीन शर्यतीच्या दिवशी होतात.

चढाच्या सरावासाठी नागपुरात फार पर्याय नाहीत, कारण शहर बहुतांशी सपाट आहे. सेमिनरी हिल्सचा परिसर त्यासाठी सर्वांत चांगला आहे. फुटाळा तलावाकडून वर चढत जाणाऱ्या रस्त्यावर एक-दीड मिनिट जोराने चढावे आणि चालत खाली यावे, अशा सहा ते आठ फेऱ्या गुरुवारच्या सरावाला पुरेशा आहेत. शर्यतीच्या मार्गात उड्डाणपूल येणार असतील तर हा सराव हमखास उपयोगी पडतो.

सहज गती म्हणजे नेमकी किती, हे ओळखण्यासाठी घड्याळापेक्षा सोबतीच अधिक भरवशाचा असतो. "दम लागून राहिला का बे?" असे विचारल्यावर मित्राने "नाही, आज बरं वाटून राहिलं, कालच्यापेक्षा पाय हलके आहेत" असे सलग वाक्य बोलून दाखवले तर गती योग्य आहे, तो दोन शब्दांवर थांबला तर ती जास्त आहे, आणि त्याने नुसती मान हलवली तर दोघांनीही लगेच वेग कमी करावा. मंगळवारचे आणि रविवारचे सगळे धावणे पहिल्या प्रकारातच बसले पाहिजे.

वेगात फरक असेल तेव्हा

दोघांचा वेग सारखा असणे दुर्मीळच. सरावात हा फरक सांभाळण्याची एक पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटते, ती म्हणजे अंतराऐवजी वेळेवर परत फिरणे. समजा दोघे सकाळी साडेसहाला फुटाळ्यावरून एकाच रस्त्याने निघाले. एक जण किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या गतीने धावतो आणि दुसरी साडेसात मिनिटांच्या. दोघांनीही ४० मिनिटे झाल्याबरोबर, जिथे असतील तिथून, मागे वळायचे. तेव्हा पहिला ६ किलोमीटरच्या थोडा पुढे आणि दुसरी ५.३ किलोमीटरच्या आसपास असेल. परतीची गती जातानाइतकीच ठेवली तर दोघेही ८० मिनिटांनी जवळपास एकाच वेळी सुरुवातीच्या जागी येतात. शेवटच्या काही मिनिटांत दोघे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असतात, दोघांनाही आपापल्या क्षमतेचा व्यायाम मिळतो आणि कोणाला कोणासाठी ताटकळावे लागत नाही. सुरुवातीलाच जास्त वेगाने पळालेला माणूस परतीला मागे पडतो, त्यामुळे गती सम राखण्याची सवयही या पद्धतीने आपोआप लागते.

गुरुवारचा वेगाचा सराव मैदानावरील ट्रॅकवर करावा. दोघांनी आपापल्या जोराने तीन मिनिटे धावावे आणि नंतरच्या दोन मिनिटांत पुढे असलेल्याने चालत मागे येऊन सोबत्याला गाठावे. लाँग रनपैकी मात्र निदान एकाआड एक रविवारची धाव शर्यतीच्या ठरलेल्या गतीने खांद्याला खांदा लावूनच झाली पाहिजे. वेगाने धावणाऱ्याला कमी गतीत दीर्घकाळ राहणे वाटते तितके सोपे नसते. पावलांची लय बदलते आणि सवय नसेल तर पोटऱ्या दुखतात.

खांद्याला खांदा लावून, हे शब्दशः घ्यावे. बरेच वेगवान सोबती नकळत अर्धे पाऊल पुढे राहतात. मागचा ते अंतर भरून काढायला थोडा वेग वाढवतो, पुढचा पुन्हा अर्धे पाऊल पुढे सरकतो, आणि दोन-तीन किलोमीटरमध्ये ठरलेली गती किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंदांनी वाढलेली असते. ज्याचा वेग कमी, त्याने किंचित पुढे राहावे. हा साधा नियम पाळला तरी हा प्रश्न सुटतो.

रस्ते, अंधार आणि धूर

डिसेंबरअखेरीस आणि जानेवारीत नागपुरात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास किंवा त्याच्या थोडा नंतर होतो. साडेपाचला निघणाऱ्यांचा निम्मा सराव अंधारातच होतो, म्हणून फिकट रंगाचे कपडे, परावर्तक पट्टी असलेले जाकीट आणि एक छोटा टॉर्च आवश्यक समजावा. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे आणि अशा ठिकाणी शेजारी-शेजारी न धावता एकामागे एक धावावे. सिव्हिल लाइन्समधील वॉकर्स स्ट्रीट, अंबाझरीचा परिसर आणि सेमिनरी हिल्स येथे पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे लांब सरावासाठी ते भाग सोयीचे आहेत. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात विधान भवनाच्या आसपास बंदोबस्त आणि बॅरिकेड असतात. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सचा मार्ग सोडून पश्चिमेकडे वळलेले बरे.

भटकी कुत्री मागे लागली तर धावणे थांबवून चालावे, नजर त्यांच्यावर रोखू नये आणि दोघांनी एकमेकांजवळ राहावे. पळणाऱ्याचाच ती पाठलाग करतात.

हिवाळ्यातील हवेचा विचार मात्र अधिक गांभीर्याने व्हायला हवा. थंड पहाटे जमिनीलगतची हवा जड होऊन खालीच साचते आणि शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा व वाहनांचा धूर तिच्यात अडकून राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक पाहण्याची सवय ठेवावी. तो २०० च्या वर, म्हणजे 'वाईट' श्रेणीत असेल, तर त्या पहाटे लाँग रन करू नये. ऊन पडून हवा हलू लागल्यावर आठ-साडेआठला छोटी धाव घ्यावी किंवा बेत दुसऱ्या दिवसावर ढकलावा. दमा असलेल्यांनी १०० च्या वरच सावध व्हावे आणि इनहेलर खिशात ठेवावे.

कपडे आणि बूट

प्रत्यक्ष तापमानापेक्षा आठ-दहा अंश अधिक आहे असे समजून कपडे निवडावेत. १२ अंशांना अर्ध्या बाह्यांचा, घाम शोषून न ठेवणारा टी-शर्ट आणि हवे तर हातांवर चढवायच्या स्वतंत्र बाह्या पुरतात. पहिल्या दहा मिनिटांत थोडे कुडकुडायला होत असेल तर कपडे बरोबर आहेत. स्वेटर घालून धावणारा चौथ्या किलोमीटरला तो कमरेला बांधतो आणि उरलेला सगळा वेळ त्याचा अडथळा सोसतो. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा राहील असे घ्यावेत आणि निदान महिनाभर आधी वापरायला सुरुवात करावी. काखा, मांड्या आणि छातीवर जिथे कपडा घासतो तिथे पेट्रोलियम जेली लावावी.

खाणे-पिणे

स्नायू आणि यकृत यांत साठवलेले ग्लायकोजन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, दीड-दोन तासांच्या धावण्याला पुरते. अडीच तास धावणाऱ्याला वाटेत काहीतरी खावेच लागते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे प्रमाण धरले तर एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम आणि धावपटूंसाठी मिळणाऱ्या गोड जेलच्या एका पाकिटातून २० ते २५ ग्रॅम मिळतात. पहिला घास भूक लागण्याआधी, ४५ मिनिटांच्या आसपास घ्यावा. खजूर, चिक्की, जेल यांपैकी काय पचते ते रविवारच्या सरावातच दोघांनी स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. मित्राला मानवलेले आपल्याला मानवेलच असे नाही.

थंडीत तहान कमी जाणवते, तरी घाम जातोच. दर पाच किलोमीटरला तहानेप्रमाणे दीडशे-दोनशे मिलिलिटर पाणी पुरे. तहान नसताना प्रत्येक टेबलावर पेलेच्या पेले रिचवणेही घातक आहे. त्यामुळे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावे, अर्ध्या लिटरमध्ये नव्हे.

शर्यतीच्या आदल्या रात्री वरण-भात, तूप, एखादी साधी भाजी असे नेहमीचे आणि लवकर जेवावे. सावजीचा रस्सा त्या रात्री कटाक्षाने टाळावा. त्याची चव मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, पण तिखट आणि तेल दुसऱ्या दिवशी आठव्या-दहाव्या किलोमीटरला हमखास त्रास देतात. संत्री याच दिवसांत बाजारात येतात. काहींना रिकाम्या पोटी त्यांची आंबटाई बाधते, म्हणून ती शर्यत संपल्यावर खावीत.

शेवटचा आठवडा

शेवटच्या सात दिवसांत मंगळवारी पाच आणि गुरुवारी तीन किलोमीटर, एवढेच सावकाश धावावे. या आठवड्यात केलेल्या जादा सरावाचा फायदा शर्यतीपर्यंत शरीराला मिळत नाही, थकवा मात्र मिळतो. बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) आणि वेळ नोंदवणारी टायमिंग चिप दोघांनी एकाच वेळी जाऊन घ्यावी आणि बिबच्या मागे रक्तगट व घरच्यांचा फोन क्रमांक लिहावा.

शर्यतीचा दिवस

सहाला आरंभ असेल तर पावणेचारला उठावे, चारच्या सुमारास केळे, ब्रेड-जॅम किंवा तर्रीशिवायचे थोडे पोहे खावेत, नेहमीचा चहा घ्यावा आणि सव्वापाचपर्यंत पोहोचावे. वेदनाशामक गोळी खबरदारी म्हणून घेण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती अत्यंत चुकीची आहे. लांब धावताना मूत्रपिंडांकडे रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो आणि अशा गोळ्या त्यांवरचा ताण वाढवतात. थंडीसाठी जुना स्वेटर घालून जावे आणि आरंभाच्या दहा मिनिटे आधी तो सोबत आलेल्या घरच्या माणसाकडे द्यावा.

अडीच तासांच्या उद्दिष्टाचा हिशेब असा करता येईल. पहिले तीन किलोमीटर प्रत्येकी ७ मिनिटे २० सेकंदांनी, पुढचे पंधरा प्रत्येकी ७ मिनिटे ५ सेकंदांनी. म्हणजे ५ किलोमीटरच्या फलकापाशी ३६ मिनिटे, १० ला साडेएकाहत्तर, १५ ला १०७ आणि १८ ला १२८ मिनिटे व्हायला हवीत. मग शेवटच्या तीन किलोमीटरसाठी जवळपास २२ मिनिटे उरतात. हे चार आकडे दोघांनी हातावर पेनाने लिहून ठेवावेत. मेट्रोच्या पुलाखालून धावताना घड्याळातील जीपीएस अंतर चुकवू शकते, म्हणून भरवसा रस्त्यावरील फलकांवर ठेवावा. आरंभी सगळा जमाव सुसाट सुटतो आणि पहिला किलोमीटर साडेसहा मिनिटांत होण्याची शक्यता असते. तिथे एकमेकांना आवरणे हे जोडीतल्या दोघांचेही पहिले काम आहे.

पाण्याच्या टेबलापाशी गर्दीत ताटातूट होते. एकानेच टेबलाकडे जाऊन दोन पेले घ्यावेत, दुसऱ्याने रस्त्याच्या विरुद्ध बाजूने सावकाश पुढे जात राहावे, आणि टेबलांच्या रांगेतील शेवटच्या कचऱ्याच्या ड्रमपाशी भेटावे, असे आधीच ठरवलेले असले की शोधाशोध करावी लागत नाही.

खरी परीक्षा १५ ते १९ या टप्प्यात असते. इथे सरावातल्यासारख्या गप्पा होत नाहीत आणि होऊही नयेत, कारण दमलेल्या माणसाला उत्तर द्यायला लावणे म्हणजे त्याचा श्वास खर्च करणे. बोलायचेच असेल तर उत्तराची अपेक्षा नसलेली छोटी माहिती द्यावी : पुढे सावली आहे, पुढच्या चौकात पाणी आहे, आता दोनच किलोमीटर. "अजून जोर लाव" असे या टप्प्यात कोणालाही म्हणू नये. सोबती अगदीच गळून गेला तर चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे अशी आवर्तने सुरू करावीत. यात किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिटच जातो, आणि पूर्ण थांबून बसल्यावर पुन्हा उठणे फार कठीण असते. छातीत दुखणे, भोवळ, बोलण्यात असंबद्धता किंवा पावले वेडीवाकडी पडणे यांपैकी काहीही दिसले तर तिथेच थांबून वैद्यकीय पथकाला बोलवावे. अशी लक्षणे स्वतःला कळण्याआधी शेजारच्याला दिसतात, आणि जोडीने धावण्याचा सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो.

शर्यतीनंतर

अंतिम रेषेनंतर लगेच बसू नये. दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे आणि ओला टी-शर्ट तातडीने बदलावा, कारण धावणे थांबल्यावर अंग झपाट्याने गार पडते. अर्ध्या-पाऊण तासात खावे. तर्रीपोह्यांची वेळ आता आलेली असते, आणि हरभऱ्याच्या रश्श्यातील मीठ, पोह्यांतील कर्बोदके व वर दोन संत्री हे या क्षणी शरीराला उपयोगीच आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सर्वांत जास्त दुखतात आणि जिना उतरणे अवघड होते. ते स्वाभाविक आहे. या दिवसांत वीस-तीस मिनिटे सावकाश चालावे, चार-पाच दिवसांनी तीन किलोमीटर हलके धावून पाहावे आणि वेगाचा सराव दोन आठवडे करू नये. दुखणे एकाच जागी, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असे असेल, एका आठवड्यात कमी होत नसेल किंवा त्यामुळे चाल बदलत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. लघवी गडद तपकिरी, चहाच्या रंगाची झाली तर मात्र थांबू नये. ते स्नायूंना इजा झाल्याचे लक्षण असू शकते आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाणे आवश्यक आहे. शर्यतीच्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांना फोन करून याची विचारपूस करावी, आणि तीच विचारपूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करावी.